घोळणा, लेझर आणि माझी डाळिंबी पातळं

पूनम, इकडं ये बघू. अशी माझ्याजवळ बैस, तिकडं उंबऱ्यात नको. चहा नंतर. आधी चार शब्द ऐकून घे, कारण मी तुझ्यावर रागावले आहे.

परवा तुझ्या सुपारीच्या कार्यक्रमात सगळ्या बायका फोटो काढण्यात गुंतल्या होत्या, तेव्हा तू हळूच उठून परसात गेलीस. मान मागं टाकलीस आणि डाळिंबी ओढणी नाकाला दाबून धरलीस. तुला वाटलं, कुणी बघितलं नाही. अगं, जे काम मी तीस-पस्तीस वर्षं केलं ते मला लांबून ओळखू येणार नाही होय? मी तांब्या घेऊन मागोमाग आले तर म्हणतेस कशी, "काय न्हाई आत्या, ऊन लागलं." ऊन! सकाळचे नऊ वाजले होते आणि तू मांडवात पंख्याखाली बसली होतीस.

पाहुण्यांसमोर मला बोलता आलं नाही. फोनवर तू "व्हय व्हय" म्हणून ठेवून देतेस. म्हणून लिहिते आहे. तू माझ्या भावाची लेक, तेव्हा पहिलं तुझ्यासाठी. पण ज्यांच्या कुणाच्या उशीच्या अभ्र्यावर सकाळी रक्ताचे डाग दिसतात, त्यांनीही माझ्याजवळ बसावं. जागा भरपूर आहे.

गंधकावर घातलेला आळ

आमच्या तासगाव भागात द्राक्षं, आणि द्राक्षं म्हटली की बेदाण्याचं शेड. आमचंही लहानसं आहे. द्राक्षं जाळ्यांवर पसरायची, रंग हिरवा राहावा म्हणून गंधकाची धुरी द्यायची, वाळून बेदाणा झाला की बायकांनी ओळीनं बसून काड्या निवडायच्या. त्या धुरीनं नवख्या माणसाचं नाक झोंबतं, डोळ्यांतून पाणी येतं.

माझ्या नाकातून रक्त येत होतं ते लग्नाच्या आधीपासून. आपल्याकडं त्याला घोळणा फुटला म्हणतात. सासरी कधीमधी कुणाला दिसलंच तर म्हणायचे उष्णता आहे, सब्जा पी. पुढं शेड झालं आणि सगळा आळ गंधकावर गेला. मलाही ते सोयीचं पडलं. एकदा निवडायला बसले असताना ठिपका समोरच्या ढिगात पडला. शेजारची बाई ओरडली, "आक्का, नाक!" मी ती ओंजळ झटकन पदरात उचलली आणि म्हणाले, "ह्या गंधकानं जीव खाल्ला बघ." उठून गोठ्यामागं गेले.

गोठ्यामागं माझं सगळं ठरलेलं असायचं. मान मागं टाकायची, टाळूवर गार पाणी थापायचं, कांदा फोडून हुंगायचा. रक्त बाहेर यायचं थांबलं की मला वाटायचं, बंद झालं. ते बंद होत नव्हतं, घशातून पोटात जात होतं. मग मळमळायचं. त्याला मी पित्त म्हणायची. असं एका रोगाला मी चार नावं दिली होती, पण खरं एकही नव्हतं.

आणि पातळं. मी डाळिंबी, चॉकलेटी असले गडद रंगच घ्यायची, डाग दिसू नये म्हणून. माझे मालक सतरा वर्षं सैन्यात होते, गावात अजून त्यांना फौजीच म्हणतात आणि मीही आता फौजीच म्हणते. ते सुट्टीवर येताना कुठूनही आले तरी ट्रंकेत माझ्यासाठी एक डाळिंबी पातळ असायचं. "तुला ह्योच रंग आवडतो न्हवं?" मी म्हणायची, "व्हय." खरं सांगू, मला पिवळा आवडतो. ताज्या बेदाण्यासारखा, हिरवट पिवळा.

आईचं एक वाक्य

फौजींना मी का सांगितलं नाही, असं तू विचारशील. माझ्या हळदीच्या दिवशी सकाळी आई मला न्हाऊ घालत होती. न्हाताना माझं नाक फुटलं. आईनं पदरानं पुसलं, इकडंतिकडं बघितलं आणि कानात म्हणाली, "सासरी कुणाला सांगू नगंस. कुणी इचारलं तर म्हण, ऊन लागलं."

कळलं का पूनम, मी तांब्या हातात घेऊन तशीच का उभी राहिले ते? ते वाक्य तुझं नव्हतंच. तुझ्या आजीचं होतं.

आईचाही दोष नाही गं. माझ्या वडिलांची थोरली बहीण होती, माझी आत्या. तिचं असंच रक्त जायचं. सासरी कळलं तशी "हिच्या अंगात वंगाळ हाय" म्हणून त्यांनी तिला माहेरी आणून सोडली. सातवा महिना होता. एके दिवशी अंगणात धान्य पाखडता पाखडता ती खोकली आणि तोंडातून रक्ताची गुळणी आली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. गाव म्हणालं, बाहेरची बाधा. आई तेव्हा त्या घरात नवी सून होती, तिनं ते डोळ्यांनी बघितलं. त्यातून ती एवढंच शिकली की लेकीचं रक्त दिसता कामा नये, नाहीतर लेक परत येते.

चक्कर

दोन वर्षांपूर्वी बेदाण्याच्या हंगामात मी शेडच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून खाली आले. पाय घसरला नाही, डोळ्यांपुढं अंधार आला. त्याआधी महिनाभर जिन्यात धाप लागत होती. मी म्हणायची, वय झालं. तालुक्याच्या डॉक्टरनी पापणी खाली ओढून बघितली आणि फौजींना म्हणाले, "ह्यांच्या अंगात रक्तच राहिलेलं नाही. आजच मिरजेला न्या."

मिरजेच्या दवाखान्यात मला तीन बाटल्या रक्त चढवलं. पहिली बाटली सुरू झाली आणि थोड्या वेळानं मला माझे हात गरम वाटले. कित्येक महिन्यांनी. मी त्या नळीकडं बघत बसले. कुणाचं असेल हे? त्याला माझं नाव माहीत नाही, मला त्याचं नाही.

शेजारच्या खाटेवर कवठे महांकाळच्या हौसाबाई होत्या. कानाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं त्या ओरडूनच बोलायच्या आणि अख्ख्या वॉर्डाला सगळ्यांचं सगळं कळायचं. मी हळू आवाजात त्यांना विचारलं, "कुणाचं असंल वं ह्ये रगात?"

"आं?"

"रगात! कुणाचं असंल?"

"आष्ट्याच्या तालमीतल्या पोराचं असंल! आता तुला कुस्ती खेळाय लागतीय बघ!"

अख्खा वॉर्ड हसला. सिस्टर दारातून आत आल्या आणि म्हणाल्या, "हळू, नाहीतर पैलवानाची नळी निघंल." तेव्हापासून घरी जाईपर्यंत सगळे मला पैलवान म्हणायचे. अजूनही दर वर्षी बेदाणा तयार झाला की एक पुडा त्या वॉर्डात जातो. रक्त देणारा तर सापडणार नाही, मग निदान तिथं जे कुणी पडलं असेल त्यानं खावा.

ओठांवरचे ठिपके

तिसऱ्या दिवशी नाकाच्या डॉक्टर मॅडम आल्या. माझ्या मुलाच्या, संदीपच्या वयाच्या, कपाळाला दिवा लावलेल्या. फौजी पलटणीत असताना मी गुपचूप गावातल्या एका डॉक्टरकडं जायची, ते औषधाची काडी लावून नाक आतून जाळायचे, महिना-दोन महिने बरं वाटायचं. मॅडमनी आत बघितलं आणि हळहळल्या. वरचेवर जाळून आतला पडदा पातळ झाला होता. मग त्यांनी माझे ओठ उलटे करून बघितले, जीभ बाहेर काढायला लावली, बोटांची टोकं दिव्याखाली धरली. तिथं बारीक लाल ठिपके होते. ते मला कधीपासून होते! मी समजायची मिश्रीनं झालेत.

"मावशी, घरात अजून कुणाचं असं रक्त जातं का?"

मी तोंड उघडायच्या आत फौजींनी उत्तर दिलं. उभं राहून, हजेरी घेतल्यासारखं. "माझे वडील, न्हाई. आई, न्हाई. थोरले बंधू, न्हाई. दोन बहिणी, दोघींस्नी बी न्हाई. आमच्यात कुणालाच न्हाई, मॅडम."

त्यांनी मनापासून सांगितलं. लग्न होऊन आलेली बाई म्हणजे त्यांच्या घरचीच, तिचं रक्तही त्यांच्याच घरचं, असं सगळेच धरून चालतात. मीही. पण मॅडम हसल्या आणि माझ्याकडं वळल्या. "ते सासरचं झालं, मावशी. तुमच्या माहेरी?"

फौजी माझ्याकडं बघत होते. मी सलाईनच्या बाटलीकडं बघितलं आणि म्हणाले, "न्हाई."

एवढ्या सगळ्यात मला खरी लाज वाटते ती त्या एका शब्दाची.

मॅडमनी नाक काढून दाखवलं

लेझर करायचं ठरलं. आदल्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना बसवून केसपेपरच्या मागं नाकाचं चित्र काढलं. आजाराचं नाव लांबलचक इंग्रजी, ते फौजींनी वहीत लिहून घेतलं. मला कळलं ते असं की माझ्या नाकातल्या बारीक शिरा जन्मापासूनच कच्च्या आहेत, जरा कोरडं झालं की फुटतात. लेझरच्या किरणानं त्या एकेक करून आटवायच्या.

"पण मावशी, आजार मुळातून जाणार नाही," त्या म्हणाल्या. "रक्त पुष्कळ कमी होईल. नवीन शिरा आल्या की परत करावं लागेल. आणि हा बहुतेक आई-वडिलांकडून येतो, म्हणून मुलाला तपासायला सांगा. अशाच शिरा कधीकधी फुफ्फुसातही असतात, बाहेरून कळत नाहीत. विशेष करून मुलींच्या बाबतीत मी मागं लागते. बाळंतपणाच्या आधी फुफ्फुस तपासलेलं असावं. पोटुशी असताना तिथली शीर फुटली तर जिवावर बेततं. आधी कळलं तर त्यावर इलाज आहे."

पूनम, त्या खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. आणि मला माझी आत्या दिसली. हातात सूप, सातवा महिना, तोंडावर पदर. पन्नास वर्षांनी मला कळलं की तिला काय झालं होतं. बाधा नव्हती. आईला भीती वाटली ती लेक परत येण्याची, आणि भ्यायला हवं होतं ते दुसऱ्याच गोष्टीला. तिच्यामागोमाग तू दिसलीस. तू तेव्हा कॉलेजात होतीस, दोन वेण्या घालायचीस.

मी म्हणाले, "मॅडम, मी खोटं बोलले. माझ्या माहेरी हाय."

आणि सगळं सांगितलं. वडिलांचं आणि भावाचं नाक फुटायचं ते, आत्या गेली ते, भावाला लग्नाची लेक आहे ते. आईचं वाक्यसुद्धा. मॅडम लिहून घेत होत्या. फौजी भिंतीकडं बघत होते.

फौजींचे दोन दिवस

त्या संध्याकाळी त्यांनी फक्त आपलं काम केलं. डबा आणून ठेवला, पाणी भरून ठेवलं, खुर्ची दाराकडं वळवून बसले. मला वाटलं, झालं, आईला जी भीती होती ती आता खरी होणार, या वयात.

सकाळी मला ऑपरेशनला न्यायला आले. मी त्यांना म्हणाले, "आवं, कपाटाची चावी तुरीच्या डब्यात हाय. परत आले न्हाई तर शोधत बसू नका."

तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. "चावी बी लपवून ठेवलीयास व्हय?"

मी रडायला लागले. ते स्ट्रेचरबरोबर चालत होते. म्हणाले, "पलटणीत जखम लपवली की शिक्षा व्हायची. आणि हितं माझ्या घरात, माझ्या गोठ्यामागं... अगं, घोळणा फुटला की पुढं वाकून नाक दाबून धरायचं, ह्ये मी गावच्या समद्या पोरांस्नी शिकवलं. तुला तेवढं सांगायचं ऱ्हायलं. तू कवा दाखवलंच न्हाईस."

दार बंद होता होता मी ऐकलं, "आणि त्यो डाळिंबी रंग?"

उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही.

लेझर

पहिल्या वेळी मला भूल दिली होती, त्यामुळं सांगण्यासारखं काही नाही. डोळे मिटले, उघडले, नाकात पट्टी होती आणि हौसाबाई ओरडत होत्या, "पैलवान उठला!"

दुसऱ्यांदा, आठ महिन्यांनी, जागेपणीच केलं. त्याबद्दल सांगते, म्हणजे तुला धाक वाटायचा नाही. नाकात औषधात भिजवलेला कापूस ठेवतात, नाक बधिर होतं. डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवतात. पट्ट्या ठेवायच्या आधी मी बघितलं, खोलीतल्या सगळ्यांनी रंगीत चष्मे घातलेले. मी म्हणाले, "वरातीला निघालाय व्हय सगळी?" मॅडम म्हणाल्या, "मावशी, हसू नका, नाक हलतं." मग बारीक टिकटिक आणि चुलीजवळ केस जळावा तसा वास. चटका बसल्यासारखं दोन-तीनदा वाटलं. बेदाण्याच्या हंगामात हातांना जेवढं सोसावं लागतं त्याच्यापेक्षा कमीच.

नंतरची पथ्यं मात्र कडक. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, गरम चहा नाही, नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून. फौजी पहाऱ्यावर होते. मी नुसता श्वास ओढला तरी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "तोंड उघड!" पोस्टमन दारात उभा होता, तो बिचारा आ करून उभा राहिला.

आता रोज सकाळ-संध्याकाळ नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, मग मलम. लोहाच्या गोळ्या. शेडमध्ये धुरी असली की मी जात नाही, निवडायला मात्र बसते. रक्त कधीमधी येतं, खोटं कशाला सांगू. पण पुढं वाकते, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरते, घड्याळात दहा-पंधरा मिनिटं मोजते, आणि थांबतं. अंगणात सगळ्यांसमोर बसून. गोठ्यामागं जात नाही.

पहिल्या लेझरनंतर महिनाभरानं फौजी तासगावच्या बाजारातून आले आणि एक पिशवी माझ्या पुढ्यात टाकली. आत पातळ होतं, हिरवट पिवळं. मी त्यांना रंगाचं कधीच सांगितलं नव्हतं. मी पातळ उजेडात धरलं तर म्हणाले, "दुकानात उभा ऱ्हाऊन इचार केला. हिला आवडतं काय, ह्ये मला म्हाईतच न्हाई. मग तू दिवसभर ज्याच्याकडं बघतीस त्यो रंग घेतला." आणि पाय धुवायला निघून गेले.

मी देवाला, मॅडमना, त्या आष्ट्याच्या नसलेल्या पैलवानाला, सगळ्यांना हात जोडते. पण त्या पातळाची घडी मोडताना सगळ्यात जास्त जोडते.

आता तुझं

माझी फुफ्फुसं तपासली, ठीक आहेत. संदीपला पुण्यात तपासलं, त्याला नाही. राहिले तुम्ही. मी तेव्हाच तुझ्या बापाला फोन केला होता. तो म्हणाला, "आक्का, पोरीचं लगीन व्हायचंय. तू बरी झालीस न्हवं? मग गप ऱ्हा." आणि मी गप्प राहिले. दोन वर्षं. आधी तुझी परीक्षा, मग स्थळं. तुला जे रागावले त्यातला अर्धा राग माझा माझ्यावरच आहे.

तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे तू ठरव. मी तुझ्या वतीनं बोलणार नाही, म्हणून तर इथं सगळ्यांची नावं बदलून लिहिली आहेत. मला विचारशील तर सांग म्हणेन, आणि सांगताना शेजारी कुणी हवं असेल तर फौजी बसतील, त्यांनी स्वतःहून म्हटलं आहे. पण ते पुढचं. आधी तपासणी. ठिपके बघायला मॅडमना पाच मिनिटं लागतात, फुफ्फुसाला एक दिवस. नसेल तर आपण मिरजेच्या स्टँडवर भजी खाऊ. असेल तर इलाज आहे, आणि जो माझ्या त्या आत्याला मिळाला नाही, तो तुला मिळेल.

मंगळवारी मॅडम असतात. तू सोमवारीच ये, मुक्कामाला. घरी सांग की आत्याला बेदाणा निवडायला मदत पाहिजे, ते खोटंही नाही. येताना उजळ ओढणी घालून ये असा माझा हट्ट नाही. तीच डाळिंबी घेऊन ये. वाटेत नाक फुटलं तर एस्टीत मान मागं टाकू नकोस, पुढं वाक, आणि शेजारच्या बाईला सांग की माझं नाक फुटलंय. ऊन लागलं म्हणू नकोस. फौजी स्टँडवर उभे असतील. मी दारात आहे. ये गं लवकर.